तळ्यातले मळे, ढगांतली कोठारे

‘तळ्यात-मळ्यात’ हा खेळ लहानपणी खेळला नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. जमिनीवर एक रेघ ओढायची. अलीकडे मळा, पलीकडे तळे. राज्य घेणारा ओरडेल तशी उडी मारायची आणि चुकला तो बाद. या खेळाची सारी गंमत त्या एका रेघेत असते. तळे ते तळे आणि मळा तो मळा. एकाच वेळी दोन्हींत उभे राहायची सोय नाही. पण ही रेघच न मानणारे लोक जगाच्या पाठीवर होऊन गेले. त्यांनी तळ्यातच मळा केला आणि त्यावर एक राजधानी पोसली. त्यांच्यापासून हजारो मैल दक्षिणेला दुसऱ्या एका जमातीने ढगांना टेकणाऱ्या डोंगरांवर पायऱ्या खोदून शेती केली आणि तेथल्या बोचऱ्या थंडीलाच स्वयंपाकघरातल्या कामाला लावले. पहिले ते मेक्सिकोचे ॲझ्टेक, दुसरे पेरूचे इंका. या दोघांचे देश पाहायचा योग मला आला, त्याची ही हकीकत.

योग आला तो नात्यातून. माझी धाकटी बहीण तिच्या यजमानांच्या नोकरीमुळे मेक्सिको शहरात राहते. “दादा, सुट्टीत वहिनीला घेऊन ये,” असा तिचा तीन वर्षे धोशा चालला होता. मराठीच्या अध्यापकाचे मेक्सिकोत काय काम, असे आमच्या स्टाफरूममध्ये दोघा-तिघांनी विचारलेही. पुढे पेरू देशालाही जाणार हे कळल्यावर शेजारच्या चिरंजीवांनी “काका, येताना मला दोन आणा, आतून लाल असलेले” असे बजावून ठेवले. असो. मे महिन्याच्या शेवटी आम्ही उभयता निघालो.

मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही बरेच वर. तरीही ते डोंगरावर वसलेले वाटत नाही, कारण ते एका प्रचंड परातीच्या तळाशी आहे. चारी बाजूंनी डोंगर, आणि पाण्याला बाहेर पडायला नैसर्गिक वाट नाही. सहस्रावधी वर्षे पावसाचे पाणी या परातीत साठून पाच सरोवरे झाली होती. आज त्या शहरातून मोटारीने तासन्‌तास फिरा, तुम्हाला पाण्याचा मागमूस लागणार नाही. फक्त दक्षिणेच्या एका टोकाला त्या जुन्या जलाशयाचा थोडा अवशेष शिल्लक आहे. त्याचे नाव सोचिमिल्को.

नाहुआतल ही ॲझ्टेकांची भाषा. ती मेलेली नाही. मेक्सिकोत पंधरा लाखांहून अधिक माणसे आजही ती बोलतात. तिच्यात ‘सोचित्ल’ म्हणजे फूल आणि ‘मिल्ली’ म्हणजे शेत. सोचिमिल्को म्हणजे फुलांच्या मळ्याचे गाव. रविवारी तेथे आपल्या आळंदीच्या घाटासारखी गर्दी उसळते. भडक रंगांनी रंगवलेल्या सपाट बुडाच्या होड्या, एका होडीत जेवणारी मंडळी, दुसरीत गाणारे-वाजवणारे, तिसरीत भाजलेली कणसे विकणाऱ्या बायका. ही सारी जत्रा पाण्यावरून सरकत असते. आम्ही मात्र मुद्दाम आडवारी, भल्या सकाळी गेलो. पाण्यावर धुके होते. नावाडी लांब काठीने तळ रेटीत होता, आणि कालव्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या वर जेमतेम हातभर आलेली लांबट, चिंचोळी शेते मागे मागे जात होती. काठांवर आपल्याकडच्या वाळुंजाच्या कुळातली सडसडीत झाडे पहारेकऱ्यांसारखी उभी होती.

या शेतांना ‘चिनाम्पा’ म्हणतात. ‘चिनामित्ल’ म्हणजे काठ्यांचा कूड. उथळ पाण्यात खुंटे ठोकायचे, त्यांना वेताटीसारखा कूड विणायचा आणि आतल्या जागेत पाणवेलींचा एक थर, त्यावर तळातला काळा गाळ, पुन्हा पाणवेली, पुन्हा गाळ, असे करीत पाण्याच्या वर यायचे. काठाला वाळुंजाच्या फांद्या रोवल्या की त्यांची मुळे खाली जाऊन सारा काठ शिवून टाकतात. सहलीला येणारे लोक यांना ‘तरंगत्या बागा’ म्हणतात, पण त्या तरंगत नाहीत. तळ्याच्या बुडाशी त्यांची घट्ट गाठ बसलेली असते. शेत मुद्दामच अरुंद ठेवतात, म्हणजे दोन्ही बाजूंचे पाणी आपोआप झिरपून पिकाच्या मुळांपर्यंत पोचते. मोट नको की पाट नको.

आमच्या नावाड्याने होडी एका काठाला लावली आणि आम्हाला खाली उतरवून रोपे करण्याची रीत दाखवली. काठालगतच्या वाफ्यात ताजा गाळ पसरलेला होता. तो थोडा घट्ट झाला की त्याच्या, बर्फी पाडावी तशा, चौकोनी वड्या पाडायच्या. प्रत्येक वडीत बोटाने खळगा करून एक बी घालायचे. रोप वीतभर झाले की वडीसकट उचलून शेतात लावायचे. मुळाला धक्का नाही. पहिले पीक शेतात उभे असते तेव्हाच दुसऱ्याची रोपे वाफ्यात तयार होत असतात. त्यामुळे जमीन रिकामी अशी राहतच नाही; वर्षाकाठी तीन-चार पिके निघतात. दरवर्षी कालव्यातला गाळ काढून शेतावर टाकायचा, की कालवा मोकळा आणि शेत पुष्ट. शिवाय शहरातले सोनखत होड्यांत भरून मळ्यांकडे जाई, ते वेगळेच. शहर मळ्याला पोसत होते आणि मळा शहराला.

हे सारे ज्यांनी वाढवले त्यांच्याजवळ काय होते? लोखंड नव्हते. बैल नव्हता, घोडा नव्हता. गाडी नव्हती, मेक्सिकोत चाकांची मातीची खेळणी सापडली आहेत, पण गाडीला जुंपणार कोणाला? होती ती टोकदार काठी, होडी आणि दोन हात.

ॲझ्टेक स्वतःला ‘मेशिका’ म्हणवीत. उत्तरेकडून भटकत ते या खोऱ्यात आले तेव्हा चांगल्या जमिनी आधीच दुसऱ्यांनी धरलेल्या होत्या. नवागताला शेजारी देतो तशीच जागा त्यांना मिळाली. कुल्हुआकानच्या राजाने त्यांना सापांनी बुजबुजलेला एक खडकाळ तुकडा दिला. हेतू हा की, साप चावून मंडळी परस्पर आटोपतील. काही दिवसांनी राजाची माणसे पाहायला गेली, तो मेशिका मजेत साप भाजून खात बसले होते! ही त्यांच्या परंपरेतली कथा आहे. पण या लोकांचा स्वभाव तिच्यात पुरता उतरला आहे. शेवटी १३२५ साली, निवडुंगावर गरुड बसलेला दिसला त्या जागी, सरोवरातल्या दलदलीच्या एका बेटावर त्यांनी तेनोच्तित्लान वसवले. कोणालाच नको असलेली ती जागा होती. दोनशे वर्षांच्या आत तेथे दीड-दोन लाख वस्तीचे नगर उभे राहिले. त्या वेळचे लंडन त्याच्या निम्म्यानेही नव्हते.

चिनाम्पा ही काही केवळ त्यांची कल्पना नव्हे. खोऱ्यात ती आधीपासून होती. त्यांनी ती पंधराव्या शतकात अफाट वाढवली. दक्षिणेकडच्या सरोवरांत अशी शेती नऊ हजार हेक्टरांच्या आसपास पसरली होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. या वाढीमागे एक कडवट आठवण होती. १४५० नंतर ओळीने अवर्षण आणि हिमकडाका आला. १४५४ साल त्यांच्या पंचांगात ‘एक-ससा’ नावाचे होते. त्या वर्षी लोकांनी मूठभर मक्यासाठी स्वतःला आणि पोरांना किनाऱ्याकडच्या टोटोनाक लोकांना विकले. ‘एक-ससा’ हे नाव पुढे त्यांच्यात आपल्याकडच्या दुर्गादेवीच्या दुष्काळासारखे झाले. जो समाज असा भाजून निघतो तो पाण्याचा हिशेब ठेवू लागतो.

आणि हिशेब सोपा नव्हता. पाचांपैकी मधले तेस्कोको सरोवर सर्वांत खाली आणि खारट. सगळीकडचे पाणी तेथे येऊन वाफ होऊन जाई आणि क्षार मागे राही. दक्षिणेची सरोवरे झऱ्यांची, गोडी. पावसाळ्यात तेस्कोको फुगले की खारे पाणी गोड्या पाण्यात शिरून मळे जाळून टाकी. १४४९ च्या महापुरानंतर पहिल्या मोक्तेसुमाने शेजारच्या तेस्कोको राज्याच्या राजाला साकडे घातले. या राजाचे नाव नेसाहुआलकोयोत्ल. अर्थ पाहिला तर ‘उपवास करणारा कोल्हा’! हा कोल्हा कवीही होता आणि अभियंताही. त्याच्या सल्ल्याने सरोवराच्या आरपार सुमारे १६ किलोमीटर लांबीचा बंधारा घातला गेला. एका बाजूला खारे पाणी, दुसऱ्या बाजूला गोडे, आणि मध्ये उघडझाप करता येणारी दारे. पिण्याचे पाणी चापुल्तेपेकच्या टेकडीवरून नळाने येई. त्या नळाला दोन पन्हळी होत्या. एक चालू असताना दुसरी धुऊन काढायची. आपल्या इमारतीतली पाण्याची टाकी धुण्याच्या दिवशी जो हलकल्लोळ होतो तो आठवला आणि त्या दुसऱ्या पन्हळीला मी मनोमन नमस्कार केला.

या लोकांना पाण्याने कधी दगा दिलाच नाही असे मात्र नाही. १४९९ च्या सुमारास अहुइत्सोत्ल राजाने कोयोआकानच्या झऱ्यांचे पाणी राजधानीत आणायचे ठरवले. तेथल्या अधिपतीने सांगून पाहिले, की या झऱ्यांचा नेम नाही, ते आवरणार नाहीत. राजाने सल्ला देणाऱ्यालाच ठार केले आणि पाणी आणले. शहर बुडाले. शहाणपण होते, पण ते सत्तेपुढे नेहमीच चालत होते असे नाही. ही गोष्ट आपल्यालाही अगदीच अनोळखी नसावी.

शेतातून स्वयंपाकघरात गेल्यावर तर मला मेक्सिको परका वाटेनासा झाला. बहिणीच्या घराजवळच्या बाजारात एक म्हातारी पाट्या-वरवंट्यावर मका वाटीत होती. पाटा मात्र तीन पायांचा. त्या पिठाच्या पातळ भाकऱ्या थापून ती मातीच्या तव्यावर टाकीत होती. सौ. तिच्याजवळ जी उकिडवी बसली ती उठेचना. दोघींना एकमेकींचे एक अक्षर कळत नव्हते, पण गप्पा चालल्या होत्या. त्यातून तिने शोध लावला तो असा, की मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजत ठेवतात. “अहो, आपल्याकडे पानाला लावतात तो चुना हो!” ती मला सांगू लागली. या चुन्यात मोठा अर्थ आहे. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व एरवी अंगी लागत नाही. चुन्याने ते मोकळे होते. युरोपियनांनी अमेरिकेतून मका नेला, पण चुना तेथेच ठेवला. परिणामी पुढे इटलीसारख्या देशांत मक्यावर जगणारी गोरगरीब माणसे पेलाग्रा या रोगाने हजारोंनी खंगली. बियाणे नेले, पण ते पिकवणाऱ्या बाईला काही विचारले नाही, त्याचा हा दंड.

मक्याच्या शेतात नुसता मकाही नसतो. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो, घेवडा जमिनीला कस देतो आणि खाली पसरलेली भोपळ्याची पाने ओल धरून तण दाबतात. उताराच्या कोरड्या बांधांवर घायपात लावायची. तिच्या मुळांनी बांध टिकतो, पानांपासून दोर निघतो, रसापासून पेय. तळ्यातले मासे, बदके तर झालीच, पण पाण्यावरचे हिरवे शेवाळ वाळवून त्याच्याही वड्या खात. त्या शेवाळाचेच भाऊबंद हल्ली ‘स्पिरुलिना’ नावाने गोळ्यांच्या बाटल्यांतून आपल्याकडे महाग विकले जातात.

अशात संकष्टी आली. सौ.चा उपवास. पहिला पेच असा, की चंद्रोदय मेक्सिकोचा धरायचा की पुण्याचा? तो बहिणीने मेक्सिकोच्या बाजूने सोडवला. दुसरा पेच फराळाचा. पण बाजारातून ती हसतच परत आली आणि तिने कागदाची एक पुडी माझ्यापुढे ठेवली. आत राजगिऱ्याची वडी! अगदी आपली, गुळातली, लाह्यांची. तिकडे तिला ‘अलेग्रिया’ म्हणतात, अर्थ ‘आनंद’. सोचिमिल्कोच्या जवळचे तुल्येउआल्को हे गाव तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. राजगिरा हे ॲझ्टेकांचे मोठे धान्य. त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून ते उत्सवात त्यांचा प्रसाद वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना यात आपल्या धर्मविधीची विटंबना दिसली. त्यांनी तो विधी दडपला आणि त्याबरोबर पीकही मागे पडत गेले. तोच राजगिरा समुद्र ओलांडून आपल्याकडे आला आणि थेट उपवासाच्या ताटात मानाने बसला. ऊस मात्र आपल्या बाजूने तिकडे गेला. दोघांची गाठ पडून वडी दोन्हीकडे एकच झाली.

मग आम्ही ते ताटच तपासले. बटाटा अँडीज पर्वतातला. रताळे अमेरिकेतले. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला. हिरवी मिरची मेक्सिकोची. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचाच. पेरूत सिपान येथे १९८७ साली सापडलेल्या एका प्राचीन अधिपतीच्या थडग्यात सोन्याच्या आणि चांदीच्या भुईमुगाच्या शेंगांची माळ होती. पोर्तुगीजांची गलबते आली नसती, तर आमच्या एकादशीला ताटात उरले काय असते? “वरी,” सौ. म्हणाली, “आणि ताक.”

इतके सारे ज्यांच्या हातून आले त्यांच्या तळ्याचे पुढे काय झाले, ते पाहायला फार लांब जावे लागत नाही. १५१९ च्या ८ नोव्हेंबरला कोर्तेस तेनोच्तित्लानमध्ये शिरला. १५२१ च्या वेढ्यात त्याने चापुल्तेपेकचा नळ तोडला, आपली जहाजे आत घेण्यासाठी बंधाऱ्याला खिंडारे पाडली. देवीच्या साथीने शहर आधीच पोखरले होते. १३ ऑगस्टला ते पडले. त्याच जागी स्पॅनिशांनी आपली राजधानी उभारली, पण तळ्याशी कसे राहावे ते त्यांना उमगले नाही. भोवतीची झाडी तोडली, गाळ वाहून आला, पूर येऊ लागले. १६२९ चा पूर तर पाच वर्षे ओसरला नाही. अखेर त्यांनी ठरवले, तळेच नको. डोंगर फोडून पाणी बाहेर काढण्याचे काम १६०७ साली सुरू झालेलेच होते. १९०० साली मोठा कालवा पुरा झाला आणि परात रिकामी झाली.

शहराच्या मुख्य रस्त्यावर विजयदेवतेचा सोनेरी पुतळा असलेला उंच स्वातंत्र्यस्तंभ आहे, १९१० सालचा. तो उभारला तेव्हा पायथ्याशी नऊ पायऱ्या होत्या. भोवतालचा रस्ता खचत गेला, तशा एकामागून एक आणखी चौदा पायऱ्या जोडाव्या लागल्या. मी त्या मोजीत चढलो. तळ्याची भुसभुशीत माती आणि तिच्या पोटातले पाणी विहिरींनी उपसलेले. शहराचे काही भाग वर्षाला अर्धा मीटरपर्यंत खाली जातात. आणि याच शहराला पाणी पुरत नाही! शंभरावर किलोमीटरांवरून, हजारावर मीटर उंच चढवून पाणी आणावे लागते. २०२४ साली ती धरणे इतकी आटली, की नळ कोरडे पडण्याची तारीख लोक बोलून दाखवू लागले. पावसाळ्यात रस्त्यांतून होड्या चालतील असे पाणी आणि उन्हाळ्यात टँकर. तळ्याने सूड घेतला, असे मी म्हणणार नाही. तळे आपल्या जागी होते. शहराने त्याच्याशी बोलणे सोडले.

तेथून आम्ही पेरूला गेलो. मेक्सिकोत प्रश्न पाण्याचा होता, येथे उंचीचा. इंकांची राजधानी कुस्को सुमारे ३,४०० मीटरांवर. दोन कळसूबाई एकमेकींवर ठेवल्या तरी कुस्को वरच राहील. विमानातून उतरून चार पावले टाकली की छातीत भाता चालू होतो. हॉटेलातल्या मुलीने आमचे चेहरे पाहून न विचारताच कोकाच्या पानांचा काढा पुढे केला. तेथल्या माणसांची रक्ते मात्र पिढ्यान्‌पिढ्या या विरळ हवेला सरावलेली. सत्तरीची आजी पाठीवर भारा घेऊन आमच्या शेजारून चढून जाते आणि आपण भिंतीला टेकून निसर्गसौंदर्य पाहात असल्याचे नाटक करतो.

या देशात सपाटी कमी, पण उतार भरपूर. खाली उबेत मका, त्यावर बटाटा, त्याहून वर गवत आणि लामांचे कळप. एकाच डोंगरावर सारे ऋतू एकमेकांच्या डोक्यावर बसलेले. म्हणून तेथल्या कुळांनी आपली जमीन एका जागी न ठेवता वेगवेगळ्या उंचीवर राखली. एका थरावर हिम पडून पीक गेले तर दुसरा थर पोटाला देतो. बटाट्याच्या तर हजारो जाती त्यांनी जपल्या. लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रात आज चार हजारांहून अधिक प्रकार राखून ठेवले आहेत. ‘बटाटा’ हा आपला शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा आणि तोही रताळ्याचा. पोर्तुगीजांच्या जिभेवरून तो आपल्याकडे चुकीच्या कंदाला चिकटला. इंकांच्या केचुआ भाषेत बटाट्याला नुसते ‘पापा’ म्हणतात. आपण पोटभर खातो त्याला बाप म्हणावे, हे मला पटले.

पिसाक आणि ओयान्ताइताम्बो येथे डोंगराच्या अंगावर घातलेल्या शेतांच्या पायऱ्या पाहिल्या. दुरून त्या देवळाच्या घाटासारख्या दिसतात. आमच्या वाटाड्याने जवळ नेऊन त्यांचे पोट समजावून सांगितले. दगडी भिंत थोडी आत झुकलेली. तिच्यामागे तळाशी मोठे दगड, वर खडी, मग वाळू, मग काळी माती. पाऊस कितीही कोसळो, पाणी झिरपून खालच्या पायरीला जाते, माती जागची हलत नाही. दिवसभर तापलेले दगड रात्री ऊब सोडतात आणि पिकाला हिमापासून वाचवतात. माचू पिच्चूला वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि ते नगर एका निमुळत्या धारेवर बसले आहे. तरी पाचशेहून अधिक वर्षांत ते दरीत घसरले नाही. अभियंत्यांच्या अंदाजाने तेथले निम्म्याहून अधिक बांधकाम जमिनीखाली आहे: पाया आणि पाण्याच्या निचऱ्याचे. आपण चित्रांतून पाहतो ते त्या शहराचे वरचे अंग. त्याचा जीव खाली आहे.

भूकंपाचेही तसेच. कुस्कोला इंकांच्या सूर्यमंदिराच्या भिंतींवर स्पॅनिशांनी मठ बांधला. २१ मे १९५० रोजी भूकंप झाला. मठाचा बराच भाग ढासळला, आणि चुना न लावता नुसते घासून बसवलेले इंकांचे चिरे होते तसे उभे राहिले.

कुस्कोच्या बाजारात काळे, हलके, खडीसारखे काहीतरी पोत्यात भरून ठेवलेले दिसले. ते बटाटे होते. जून-जुलैच्या कडक थंडीत उंच पठारावर बटाटे रात्री उघड्यावर पसरतात, ते गोठतात. दिवसा ऊन लागून पाणी सुटते, मग अनवाणी पायांनी तुडवून ते काढून टाकतात. पुन्हा रात्र, पुन्हा ऊन. काही दिवसांत बटाट्याचा वाळून खडा होतो. त्याला ‘चुन्यो’ म्हणतात. तो वर्षानुवर्षे टिकतो. “म्हणजे हे थंडीचे वाळवण!” सौ. म्हणाली, आणि याहून चांगली व्याख्या मला सुचली नाही. आपण वैशाखाच्या उन्हाला कुरडया घालतो. त्यांनी हिमाला बटाटे घातले. जे हिम पीक मारते त्याच्याकडूनच त्यांनी पीक राखून घेतले. आमटीत घातलेल्या चुन्योची चव, खरे सांगायचे तर, भिजलेल्या खडूच्या जवळपास होती; पण दुष्काळात चवीला कोण विचारतो?

हे वाळवण आणि मका साठवण्यासाठी कोठारे होती, त्यांना ‘कोल्का’ म्हणत. आपल्याकडे धान्य पेवात उतरवीत. त्यांनी ते वाऱ्याच्या तोंडी, डोंगराच्या उतारावर नेले. जमिनीत खडीचा निचरा, भिंतींना झरोके. थंड कोरडा वारा सतत फिरता. ओयान्ताइताम्बोच्या समोरच्या कड्यावर ती आजही उभी आहेत, ढग खाली उतरले की दिसेनाशी होतात. बोलिव्हियात कोतापाची येथे अशी २,४०० कोठारे एका जागी होती. दामाजीपंतांना सुलतानाचा रोष पत्करून जे करावे लागले, ते म्हणजे दुष्काळात कोठारे उघडणे, तेथे राज्याचे नेहमीचे काम होते. हिशेब गाठी मारलेल्या दोऱ्यांत. आणि शेतावरची कामे ‘आय्नी’च्या रीतीने: आज मी तुझ्या शेतावर, उद्या तू माझ्या. आपली इर्जिक ती हीच.

या लोकांना देवत्व देण्याचे कारण नाही. ॲझ्टेकांच्या देवळांत माणसे बळी जात. इंका गावेच्या गावे उचलून दूर वसवीत, आणि पर्वतशिखरांवर मुलांचे बळी देत. पण त्यांना जिंकणारे काही सौम्य नव्हते. १५३२ च्या १६ नोव्हेंबरला पिसारोने कपटाने अताहुआल्पाला पकडले. १५७० नंतरच्या काळात व्हाइसरॉय तोलेदोने डोंगरावरची वस्ती मोडून माणसे खाली आखीव गावांत कोंबली आणि पोतोसीच्या चांदीच्या खाणींवर वेठीला धरली. खाणीत त्यांना खायला काय? तोच चुन्यो. वर पायऱ्या ओस पडल्या, पाट फुटले.

गोष्ट येथेच संपली असती तर मी ती दिवाळीच्या दिवसांत सांगितली नसती. १९७० नंतर ॲन केंडल या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ बाईंनी कुस्कोजवळ गावकऱ्यांबरोबर जुने पाट आणि पायऱ्या दुरुस्त करून पुन्हा पिकाखाली आणल्या. सिमेंटने नव्हे, जुन्या रीतीच्या मातीने, कारण भूकंपात सिमेंट तडकते. अपुरिमाक नदीवरचा केस्वाचाका हा गवताचा पूल चार गावचे लोक दरवर्षी जूनमध्ये नव्याने विणतात. महामारीच्या काळात ते राहून गेले, २०२१ साली पूल कोसळला, आणि त्याच वर्षी त्यांनी तो पुन्हा विणला. मेक्सिकोत तेस्कोकोच्या कोरड्या पात्रावर प्रचंड विमानतळ होत होता. २०१८ साली ते काम रद्द ठरले आणि २०२४ साली तेथे सरोवराचे उद्यान खुले झाले. पाणी परत आले आहे, आणि पक्षीही.

लिमाची गोष्ट तर आपल्याला घरची वाटेल. वाळवंटात वसलेल्या या शहराला वर्षभर पाणी हवे आणि नद्यांना पाणी काही महिनेच. त्यांच्या डोंगरांत इंकांच्याही आधीचे दगडी चर आहेत, त्यांना ‘अमुना’ म्हणतात. पावसाचे वाहते पाणी वळवून ते खडकाळ उतारावर जिरवतात, आणि तेच पाणी आठवड्यांनी, महिन्यांनी, ऐन कोरड्या दिवसांत खालच्या झऱ्यांना येते. आता ते चर पुन्हा बांधले जात आहेत. आमच्या वाटाड्याने हे मोठ्या अभिमानाने सांगितले आणि विचारले, “तुमच्याकडे असे काही आहे का?”

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही अक्षरे मी आपल्याकडच्या किती शाळांच्या भिंतींवर वाचली असतील! त्यांचे इंग्रजीत भाषांतर करून त्याला सांगितले. त्याने ते केचुआत स्वतःशी पुटपुटून पाहिले आणि मान डोलावली. “लिहिलेले आहे,” तो म्हणाला, “ते ठीक. चर दरवर्षी साफ कोण करते?”